गॉसिपवाल्या टेंभेकर मॅडम

रायपुरात आमचं सामान ट्रकमधून पूर्ण उतरलंही नव्हतं, तोवर मी आणि निखिल घरातून पळून आलेलं जोडपं आहोत ही बातमी बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यापर्यंत पोचली होती. पोचवली टेंभेकर मॅडमनी. पुरावा म्हणाल तर सामानाबरोबर उतरलेली दारावरची पाटी. तिच्यावर माझं आडनाव वेगळं, निखिलचं वेगळं. शिवाय घर लावायला ना सासू आली, ना आई. एवढ्यावर मॅडमनी निकाल देऊन टाकला.

मला हे कळायला तीन महिने लागले. तोवर शेजारणी डबे आणून देत होत्या, पाठीवरून हात फिरवत होत्या, "हम हैं ना" म्हणत होत्या. मी साताऱ्याकडची. आमच्याकडे शेजाऱ्याने डबा दिला की आधी त्याचं काय काम अडलंय ते बघतात. मला वाटलं, छत्तीसगडची माणसं भलतीच मायाळू. मग दिवाळीला सासू-सासरे आले. लिफ्टमध्ये सेक्रेटरी शुक्लाजींच्या बायकोने सासूबाईंचे दोन्ही हात धरले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "बहनजी, बहुत अच्छा किया. आखिर बच्चे हैं. आपने माफ कर दिया, बड़प्पन है आपका."

सासूबाईंचं हिंदी बेताचं. त्यांनी मान डोलावली, वर आल्या, चपला काढल्या आणि मला विचारलं, "तुम्ही दोघांनी नेमकं काय केलंय?"

अफवेचा माग काढत मी शेजारच्या दारात जाऊन उभी राहिले. मॅडमनी दार उघडलं. सडपातळ बाई, पासष्टी ओलांडलेली, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं, हातात चहाचा स्टीलचा ग्लास.

"मॅडम, आम्ही पळून आलेलो नाही," मी म्हटलं. "रीतसर लग्न झालंय. साडेचारशे पानं उठली."

"बाप्पा! साडेचारशे?" त्या म्हणाल्या. "म्हंजे सगळे मुलाकडचेच अशीन."

"छे, निम्मे आमचे होते. माझे वडील शाळेत हेडमास्तर, गावभर ओळख—"

"हेडमास्तर म्हंजे एकुलती एक असशीन तू."

"नाही, मला दोन भाऊ आहेत. मोठा—"

दहा मिनिटांनी मी बाहेर पडले तेव्हा दोन्ही भावांच्या नोकऱ्या, सासूबाईंचा गुडघा आणि निखिलचं मोडलेलं पहिलं लग्नाचं स्थळ, सगळं मॅडमच्या खाती जमा झालं होतं. आणि मी भांडायला गेले होते.

ही त्यांची पद्धत होती. त्या कधी प्रश्न विचारत नसत. एक ठळक चुकीचं विधान करायचं आणि गप्प बसायचं. "माणूस प्रश्नाचं उत्तर देत नाई," त्यांनी पुढे एकदा मला सांगितलं, "पण समोरच्याची चूक दुरुस्त केल्याबिगर त्याले चैन पडत नाई. छत्तीस वर्षं पेपर तपासले मी. मले माहीत हाये ते सुख."

छत्तीस वर्षं त्यांनी सरकारी शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. रिटायर झाल्यावर शाळा सुटली, लाल पेन सुटलं नाही. ते पर्समध्ये असायचं. हॉटेलात गेलं की मेनूकार्डावरचं स्पेलिंग दुरुस्त करून मगच ऑर्डर. लग्नपत्रिका आली की चुका काढून, खाली दहापैकी मार्क देऊन फ्रिजवर लावून ठेवायच्या. दहापैकी चारच्या खाली मार्क मिळालेल्या लग्नाला त्या जात, पण आहेर द्यायच्या आधी यजमानाला कोपऱ्यात घेऊन 'रिसेप्शन'मधला राहून गेलेला पी दाखवत.

टेंभेकर काका रेल्वेतून निवृत्त झाले होते. त्यांना कमी ऐकू यायचं. मॅडम बोलायला लागल्या की ते कानातलं यंत्र काढून शर्टाच्या खिशात ठेवत. मी एकदा पाहिलं, तर डोळा मिचकावून म्हणाले, "बॅटरी वाचवून राहिलो." मॅडमना हे ठाऊक होतं. "त्याईले वाटते मले समजत नाई," त्या म्हणत. "म्हणून मी त्याईच्याबद्दल त्याईच्यासमोरच बोलतो." स्वतःबद्दल बोलताना त्या 'करतो, बोलतो' असंच म्हणत. छत्तीस वर्षं वर्गात पोरांचा आवाज दाबायचा म्हणजे बाईसारखं बोलून चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. आमची कामवाली बिसाहिन मात्र म्हणायची की मॅडम जन्मल्या तेव्हाच अशा असतील.

बिसाहिन उरला नावाच्या कारखान्यांच्या भागाजवळच्या बस्तीतून यायची. तिचा नवरा तिकडच्या एका रोलिंग मिलमध्ये होता. उरल्याच्या कारखान्यांची काळी धूळ रोज आमच्या गॅलरीच्या कठड्यावर बसायची आणि बिसाहिन रोज ती पुसताना म्हणायची, "मोर आदमी उड़ाथे, मैं पोंछथों." नवरा उडवतो, मी पुसते. ती आधी मॅडमकडे काम करायची, मग आमच्याकडे, आणि मधल्या पाच पावलांत दोन्ही घरांच्या बातम्यांची अदलाबदल करायची. बिल्डिंगमध्ये मॅडमच्या तोडीची ती एकटीच होती.

आता प्राचीचं सांगते, कारण मॅडमचं सगळं त्यानंतर बदललं.

तिसऱ्या मजल्यावर साहू कुटुंब राहायचं. त्यांची प्राची सरकारी ऑफिसात नोकरीला, शांत, हुशार मुलगी. तिचं लग्न शहराच्या जुन्या भागात, पुरानी बस्तीतल्या एका घरात ठरत आलं होतं. मुलाची मावशी एकदा काही निरोप घेऊन आली. लिफ्ट बंद होती, म्हणून बिचारी खाली बाकावर बसली. शेजारी मॅडम. अनोळखी बाई, हातात मिठाईचा डबा, जाणार तिसऱ्या मजल्यावर. मॅडमना ही कोण, हे कळल्याशिवाय राहवेना. त्यांनी आपली नेहमीची पद्धत वापरली.

"आप प्राची के उस ऑफिसवाले दोस्त के घर से हैं ना?"

असा दोस्त जगात नव्हता. मॅडमनी तो त्या क्षणी निर्माण केला होता. त्यांना वाटलं, बाई म्हणेल, "नाही हो, मी अमक्या घरची." पण मावशीने चूक दुरुस्त केली नाही. ती उठली आणि वर न जाता मिठाईसकट परत गेली. आठ दिवसांत मुलाकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. आधी दोनदा जुळली होती.

गोष्ट बाहेर यायला वेळ लागला नाही. मावशीने मध्यस्थाला सांगितलं, मध्यस्थाने साहू भाभीला. आणि दुसऱ्या सोमवारी लिफ्टशेजारच्या फळ्यावर शुक्लाजींनी इंग्रजीत छापलेली नोटीस लावली. 'लॉबीमध्ये कोणीही गॉसिपिंग करू नये, अन्यथा कारवाई करण्यात येईल' असा तिचा मतलब. नाव कोणाचंच नव्हतं. गरजही नव्हती.

मी ऑफिसला निघाले तेव्हा मॅडम नोटिशीसमोर उभ्या होत्या. चेहरा पडलेला. मला पाहून त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं, 'लॉबी'च्या आधी राहिलेला 'द' घातला, 'अदरवाइज'ला लावलेला एक जादा आर काढला आणि खाली लिहिलं, दहापैकी तीन.

"मॅडम," मी म्हटलं, "हे आत्ता नको होतं."

"माहीत हाये," त्या म्हणाल्या. "पण हात थांबत नाई वो."

त्या दिवशी त्या घरातून बाहेर पडल्या नाहीत. संध्याकाळी मी डोकावले तर जेवणाच्या टेबलावर उशीएवढा जाड इंग्रजी शब्दकोश उघडा होता. निवृत्तीच्या वेळी शाळेने शाल आणि श्रीफळ दिलं होतं, हा कोश त्यांनी स्वतःच स्वतःला दिला होता. भिंग घेऊन त्या बारीक अक्षर वाचत होत्या.

"बस," त्या म्हणाल्या. "त्या शुक्लाने मले काय म्हटलं माहीत हाये का? देवाची नातेवाईक म्हटलं."

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, मधे टेबल, टेबलामागे शुक्लाजी. मॅडम आल्या त्या कोश कडेवर घेऊन. मूल घ्यावं तसा. काका मागून, यंत्र खिशात.

"शुक्लाजी," मॅडमनी वर्गात विचारावं तसं विचारलं, "गॉड मतलब?"

"मैडम, आज का विषय पानी की टंकी—"

"गॉड मतलब?"

"भगवान," शुक्लाजी म्हणाले. ते कधीकाळी सरकारी शाळेतच शिकले असणार.

मग मॅडमनी शिकवायला घेतलं, आणि मी खोटं सांगत नाही, पाण्याच्या टाकीसाठी आलेली तीस माणसं ऐकत बसली. हा शब्द फार जुन्या इंग्रजीतला. मुळात तो गॉसिप नव्हताच, होता 'गॉडसिब'. सिब म्हणजे नात्यातलं माणूस. 'सिबलिंग'मध्ये जो सिब आहे तोच हा. ख्रिस्ती घरात मुलाचं नाव ठेवताना जो बाहेरचा माणूस देवासमोर उभा राहून सांगायचा की ह्या लेकराचं मी बघेन, तो त्या घराचा गॉडसिब. रक्ताचं काही नाही, देवाच्या साक्षीने नातं. मग हळूहळू कुठल्याही जिवलग मैत्रिणीला तो शब्द लागू झाला. आणि मग खास करून अशा बायकांना, ज्यांना बाळंतिणीच्या खोलीत बोलावलं जायचं. कळा चालू असताना त्या भोवती बसायच्या, धीर द्यायच्या, बोलत राहायच्या.

"और बाहर कौन खड़ा है?" मॅडमनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "पति. उसको अंदर की एक बात सुनाई नहीं देती. तो वो क्या बोलेगा? बोलेगा, फालतू बकवास चल रही है." हे शेवटचं कोशात नव्हतं. ते मॅडमचं भाष्य. पण बायका हसल्या, आणि काकांनी, काहीही ऐकू येत नसताना, टाळी वाजवली.

जिन्यावर फडकं मारणारी बिसाहिन थांबली होती. ती म्हणाली, "हव मैडम. ये तो हमर मितान असन हे."

छत्तीसगडात मितान म्हणजे देवाच्या साक्षीने जोडलेला मित्र. कोणी जगन्नाथाचा प्रसाद देऊन जोडतं, कोणी गंगेचं पाणी, कोणी श्रावणात टोपलीत पेरलेल्या गव्हाचे, म्हणजे भोजलीचे कोंब एकमेकींच्या कानावर खोचून. एकदा नातं जोडलं की जात-घर काही आडवं येत नाही, एकमेकांना नावाने हाक मारायची नाही, आणि एकाच्या घरचं सुखदुःख दुसऱ्याच्या घरचं होतं. बिसाहिनने हे दोन वाक्यांत सांगितलं. मॅडम खूश झाल्या. टेबलावर बोट आपटून म्हणाल्या, "देखिए! डिक्शनरी में जो आधे पन्ने में लिखा है—"

"मैडम."

साहू भाभी मागच्या रांगेत उभी होती. आवाज चढलेला नव्हता.

"शब्द का मतलब समझ में आ गया. मेरी प्राची का रिश्ता टूट गया, उसका मतलब भी बता दीजिए."

मॅडमनी कोश मिटला. त्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. शुक्लाजींनी दयाळूपणे पाण्याच्या टाकीचा विषय घेतला, आणि मॅडम कोश उचलून जिन्याने वर गेल्या. लिफ्ट चालू होती तरी जिन्याने.

दोन दिवसांनी त्या माझ्या दारात आल्या. "तुले गाडी चालवता येते ना? मले पुरानी बस्तीत ने."

मला तेव्हा तिसरा महिना होता. निखिल आणि मी सोडून अजून कोणाला सांगितलं नव्हतं. मॅडम गाडीत बसल्या, पट्टा लावला आणि म्हणाल्या, "खड्ड्यातून हळू घे, तुझ्यासाठी सांगून राहिलो." एवढंच. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही, बिल्डिंगमध्येही कोणाला कळलं नाही. तेव्हा मला समजलं की त्या खरोखर हादरल्या आहेत.

गल्ली अरुंद. गाडी देवळापाशी लावून चालत गेलो. मावशीने ओळखलं, आत घेतलं, बसा म्हणाली. मॅडम बसल्या नाहीत.

"उस दिन मैंने जो कहा वो झूठ था," त्या म्हणाल्या. "प्राची का कोई दोस्त-वोस्त नहीं है. मैंने बनाया."

"बनाया? क्यों?"

"मुझे जानना था आप कौन हैं. पूछती तो आप बतातीं नहीं."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. रागही नव्हता चेहऱ्यावर, नवल होतं. "पूछकर तो देखतीं," ती म्हणाली. "बता देती."

परतताना सिग्नलला गाडी थांबली. मॅडम म्हणाल्या, "छत्तीस वर्षं पोट्ट्याईले प्रश्नचिन्ह कुठं लावाचं ते शिकवलं. स्वतः कधी लावलंच नाई."

मुलाकडच्यांनी साहूंना फोन केला. गैरसमज झाला होता, पत्रिका पुन्हा पाहिली, जुळते. साहू भाभीच्या घरी पुन्हा मिठाई आली. आणि प्राची म्हणाली, नको. जिन्यात मॅडम आणि मी भेटलो तेव्हा तिने स्वतःच थांबून सांगितलं.

"आंटी, जो लोग लिफ्ट के पास सुनी एक बात पर मुझसे बिना पूछे चले गए, मैं उनके घर नहीं जाऊँगी."

मॅडमचा चेहरा उजळायला लागला. प्राचीने तो पाहिला.

"मैं थैंक्यू नहीं बोल रही," ती म्हणाली. "आपने अच्छा नहीं किया."

"नहीं किया," मॅडम म्हणाल्या.

साहू भाभीचा राग मात्र दुप्पट झाला. आधी मोडलं, मग जोडायला गेल्या आणि कायमचं मोडून आल्या, असा तिचा हिशेब होता, आणि त्यात तिचं फार चुकत नव्हतं. तिचं पाहून बाकीच्या बायकाही मॅडमना टाळू लागल्या. बाकावर मॅडम एकट्या. लिफ्ट येईपर्यंत सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून.

मॅडमनी पद्धत बदलली. त्या सरळ प्रश्न विचारू लागल्या. हे फार भयंकर निघालं. "शुक्लाजी, ये बाल असली हैं?" "तुमचं आणि जावेचं नक्की कशावरून बिनसलं?" "निखिल, तुझा पगार का थांबला वाढायचा?" पूर्वी माणूस नकळत लुटला जायचा, आता समोरून दरोडा. महिनाभरात बिल्डिंगमधली एकूण एक माणसं मनातल्या मनात म्हणू लागली की जुन्या मॅडम बऱ्या होत्या.

राखीच्या दुसऱ्या दिवशी बिसाहिन कामावर आली ती नवी साडी नेसून, टोपलीत पिवळट हिरवे कोंब घेऊन. मी मॅडमकडेच होते. तिने फडक्याला हात लावला नाही. सरळ मॅडमसमोर गेली, कोंबांची एक जुडी त्यांच्या हातात दिली, दुसरी स्वतः घेतली.

"कान दे," ती म्हणाली. रोज 'मैडम, आप' म्हणणारी बाई.

मॅडमनी कान दिला. बिसाहिनने कोंब खोचले. मग मॅडमनी तिच्या कानावर. देवघरातला दिवा बिसाहिननेच लावला.

"अब मोर नाव झन लेबे," ती म्हणाली. "भोजली कहिबे." आता नाव घ्यायचं नाही, भोजली म्हणायचं.

"और तू मुझे मैडम नहीं बोलेगी?"

"नइ. सीताराम, भोजली."

"सीताराम," मॅडम म्हणाल्या, आणि नंतर त्यांना दोनदा नाक शिंकरावं लागलं. "तुले वाटते ते नाई, सर्दी हाये," त्या मला म्हणाल्या. मी काही वाटून घेतलं नव्हतं.

ह्या नात्याचे व्यावहारिक परिणाम लगेच सुरू झाले. बिसाहिन आता काम आटोपलं की सोफ्यावर बसून चहा प्यायची. कुकरला करपट डाग राहिला तर मॅडम मला येऊन सांगायच्या, कारण नात्यातल्या माणसाला कसं बोलणार? शुक्लाजींच्या बायकोने एकदा नाक मुरडून म्हटलं, "कामवाली को सर पे चढ़ा लिया." मॅडमनी उत्तर दिलं, "कान पे." त्यांचा मुलगा बेंगळुरूहून फोन करायचा, आई मराठीत बोलायची, तो हिंदीत उत्तर द्यायचा. त्यालाही हे कळवलं गेलं. "तुले एक मावशी झाली." तो म्हणाला, "मम्मी, आप ठीक तो हो ना?"

फेब्रुवारीत माझे दिवस भरले. आई नागपूरपर्यंत आली होती, पुढची गाडी खोळंबलेली. निखिल कामाला दिल्लीत. डॉक्टरांनी अजून दहा दिवस सांगितले होते आणि कळा सकाळी साडेनऊला सुरू झाल्या. मी भिंत वाजवली. पाच मिनिटांत मॅडम, काका आणि बिसाहिन दारात. काकांनी रिक्षा थांबवून ठेवली होती आणि यंत्र कानात घातलं होतं.

नर्सिंग होममध्ये सिस्टरने मॅडमना अडवलं. "आप कौन लगती हैं इनकी? माँ? सास?"

"गॉसिप," मॅडम म्हणाल्या. इतक्या कडक इंग्रजी उच्चारात की सिस्टरला वाटलं काही वैद्यकीय पद असावं. तिने थोडा विचार करून नात्याच्या रकान्यात 'मौसी' लिहिलं आणि आत सोडलं. बिसाहिनला नाही सोडलं. ती पडद्याबाहेर खाली बसली आणि पडद्यातून बोलू लागली.

पुढचे पाच तास त्या दोघी बोलत होत्या. कोणाचं काय ते इथे लिहिता येणार नाही. माणसं हयात आहेत. शुक्लाजींच्या केसांचं रहस्य मला तिथे कळलं. एक कळ यायची, मी ओरडायचे, ती ओसरली की मॅडम तुटलेल्या वाक्यापासून पुढे चालू. बाहेरून बिसाहिन दुरुस्त्या सुचवायची. शेवटी शेवटी मी म्हटलं, माझ्याने होत नाही, मला घरी जायचंय. डॉक्टर म्हणत होते, जोर लावा. माझ्यात जोर उरला नव्हता.

मॅडम माझ्या कानाशी वाकल्या. "बरोबर हाये," त्या म्हणाल्या. "तुह्याच्यानं नाईच होणार. साताऱ्याच्या पोरी नाजूकच."

"नाही!" मी किंचाळले.

"आणि पोरगी झाली का नाव सासूच ठेवणार. तुले थोडी कोणी विचारते."

"मी ठेवणार!"

"दिसून नाई राहिलं."

मी त्यांना आयुष्यात कधी कोणाला दिली नव्हती अशी शिवी दिली. साताऱ्याची, अस्सल. त्याच जोरात मुलगी झाली. पडद्याबाहेर बिसाहिनने ते आधी ऐकलं, मग काकांना सांगितलं, मग काकांनी नागपूरला फोन करून माझ्या आईला. मॅडमनी बाळाला हातात घेतलं, नीट निरखलं आणि म्हणाल्या, "नाक बापाचं. बघू पुढं काय करता येते ते."

बाराव्या दिवशी साहू भाभी कांके पानी घेऊन आली. बाळंतिणीला देतात तो औषधी काढा. मॅडम तिथेच बसल्या होत्या. भाभीने माझी चौकशी केली, बाळाच्या हातात काळे मणी बांधले, आणि पेला मला दिला. मग दुसरा पेला भरला आणि न बोलता, न बघता, मॅडमच्या शेजारी ठेवला. मॅडमनी घेतला. तो अतिशय कडू होता आणि त्यांनी एका दमात संपवला. त्या दोघी त्यानंतरही कधी एकमेकींशी मोकळं बोलल्या नाहीत. मी वाट पाहत होते, पण तसं झालं नाही.

मे महिन्यात बिसाहिनचा नवरा गेला. फुप्फुसाचा आजार बरेच दिवस होता. त्याच सुमारास माझी भोपाळला बदली झाली होती आणि घरात खोक्यांचा पसारा पडला होता. मॅडमच्या दाराला तीन दिवस कुलूप. काका सकाळी येत, झाडांना पाणी घालून परत जात. "ती तिकडंच हाये," ते म्हणाले. "भोजलीच्या घरी सुतक म्हंजे आमच्याकडंही. खाली चटईवर झोपून राहिली. मी म्हटलं पाठ धरीन. म्हणे, धरू दे."

दशकर्माच्या सकाळी मी बाळाला घेऊन उरल्याकडे गेले. बस्तीच्या तोंडाशीच गाडी थांबवावी लागली, कारण बायका तळ्यावरून आंघोळ करून परत येत होत्या. एकामागे एक, एकेरी रांग, ओल्या साड्या, अनवाणी. रस्त्यावर कारखान्यांची काळी भुकटी, आणि ऊन असं की डांबर मऊ झालेलं. पुढे बिसाहिन होती. डोक्यावरून पदर कपाळाच्या खाली ओढलेला, पायाखालचंही दिसत नसावं. तिच्या मागे, तिच्या खांद्यावर हात ठेवून, टेंभेकर मॅडम. घड्याळ नाही. पांढरे केस डोक्याला चिकटलेले, पाय काळे झालेले. चटका बसत होता. दर पावलाला त्यांचा चेहरा आक्रसत होता आणि हात खांद्यावरून हलत नव्हता.

माझ्या बाजूला पानठेल्यावर एक माणूस उभा होता. त्याने शेजारच्या बाईला विचारलं, ही शहरातली म्हातारी ह्यांची कोण?

"भोजली हे," ती बाई म्हणाली. त्याने मान हलवली, पुढे काही विचारलं नाही.

रांग गाडीच्या अगदी जवळून गेली. मी काच खाली केली. मॅडमनी मला पाहिलं, बाळाला पाहिलं, दोघींकडे एकेकदा. ओठ हलले नाहीत. बिसाहिन अडखळली, तेव्हा त्यांनी दुसरा हातही तिच्या खांद्यावर ठेवला आणि तिला रस्त्यातल्या खड्ड्याच्या कडेने वळवून घेतलं. मागच्या बायकाही तशाच वळल्या.